ओव्हरलेएफएसमधली फट: सीव्हीई-२०२३-०३८६ तपासायची कशी आणि बंद कशी करायची

लिनक्स मशीनवर साधं खातं असलेल्या माणसाला कोणताही पासवर्ड न देता रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) होता आलं, तर त्या मशीनवरची बाकी सगळी सुरक्षा निरर्थक ठरते. सीव्हीई-२०२३-०३८६ ही त्रुटी नेमकी तशी आहे (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटीला दिलेला क्रमांक). ती कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओव्हरलेएफएस या फाइलसिस्टीममध्ये होती. जानेवारी २०२३ मध्ये मूळ कर्नलमध्ये तिची दुरुस्ती झाली. तिची तीव्रता १० पैकी ७.८ धरली गेली आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सीसा या सायबरसुरक्षा संस्थेने प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत तिची नोंद केली. दुरुस्ती येऊन दोन वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी हल्लेखोरांना उघडी मशीन सापडत होती. म्हणून हा विषय जुना झाला असं समजू नका. आपल्या ताब्यातलं प्रत्येक मशीन एकदा तपासाच.

खालच्या कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायच्या.

आधी फट कुठे आहे ते पाहू

चार गोष्टी कळल्या की बाकीचं आपोआप उलगडतं.

पहिली गोष्ट सेटयूआयडी. एखाद्या प्रोग्रॅमवर हा बिट लावलेला असेल, तर तो कोणीही चालवला तरी फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. ‘सुडू’ आणि ‘पासडब्ल्यूडी’ असेच चालतात. त्यांचा मालक रूट असतो. त्यामुळे रूटच्या मालकीची, सेटयूआयडी लावलेली, पण आतला मजकूर हल्लेखोराने लिहिलेला अशी फाइल तयार झाली, की मशीन त्याचं झालं.

दुसरी गोष्ट नोसूइड. ज्या डिस्कवर किंवा फाइलसिस्टीमवर आपला भरवसा नाही, ती माउंट करताना (म्हणजे मशीनच्या फोल्डरांत जोडताना) हा पर्याय लावतात. मग तिथल्या फाइलवर सेटयूआयडी असला तरी कर्नल त्याकडे दुर्लक्ष करतो. फ्यूज प्रकारच्या फाइलसिस्टीमला याची फार गरज असते, कारण फ्यूजमध्ये फाइलची माहिती पुरवणारा प्रोग्रॅम वापरकर्त्याचा स्वतःचा असतो. ‘या फाइलचा मालक रूट आहे, तिला सेटयूआयडी आहे’ असं तो कर्नलला बेधडक सांगू शकतो. साध्या वापरकर्त्याने फ्यूज माउंट केलं की नोसूइड लागतोच, त्यामुळे हे खोटं सांगणं एरवी वाया जातं.

तिसरी गोष्ट ओव्हरले. यात खालचा थर फक्त वाचायचा आणि वरचा थर लिहायचा, असे दोन थर एकावर एक ठेवून एकच फोल्डर दाखवतात. डॉकरसारखी कंटेनरची (एकाच कर्नलवर प्रोग्रॅम वेगळे ठेवणाऱ्या पेट्यांची) साधनं यावरच उभी आहेत. खालच्या थरातल्या फाइलमध्ये काही बदल करायचा झाला, की कर्नल ती फाइल आधी वरच्या थरात उतरवून घेतो. याला कॉपी-अप म्हणतात. या वेळी मजकुराबरोबर मालक आणि परवानग्याही जशाच्या तशा येतात.

चौथी गोष्ट यूजर नेमस्पेस. साधा वापरकर्ता आपल्यापुरती एक वेगळी खोली तयार करतो आणि त्या खोलीत रूट म्हणून वावरतो. बाहेर तो साधाच असतो. कर्नल ५.११ पासून अशा खोलीत ओव्हरले माउंट करायची मुभा मिळाली. उबुंटूने तर ही मुभा स्वतःच्या पॅचने त्याआधीच दिली होती.

आता चारही एकत्र ठेवा. खालचा थर नोसूइड माउंटवरचा, त्यात रूटच्या मालकीची सेटयूआयडी फाइल. वरचा थर मशीनच्या खऱ्या डिस्कवरचं एखादं फोल्डर. कॉपी-अप झालं की नोसूइडच्या कुंपणात अडकलेली फाइल खऱ्या डिस्कवर येऊन बसते आणि तिथे नोसूइड नसतो. फाइलचा मालक त्या नेमस्पेसमध्ये ओळखीचा आहे का, हे कर्नलने इथे विचारायला हवं होतं. तो प्रश्न कोडमध्ये नव्हता. दुरुस्तीत तोच घातला: मालक आणि गट यांपैकी एकाचा जरी मेळ त्या नेमस्पेसमध्ये लागला नाही, तरी कॉपी-अप नाकारायचं. अवघ्या काही ओळींची ही भर आहे.

खालच्या थरासाठी फ्यूजच लागतं असं नाही. डेस्कटॉपवर पेनड्राइव्ह आपोआप माउंट होतो तोही नोसूइडनेच होतो, आणि त्यावरच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टीममध्ये हवी ती फाइल आधीच बनवून आणता येते. म्हणून ‘आमच्याकडे फ्यूज नाही’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

पायरी १: सध्या कोणता कर्नल चालू आहे?

‘यूनेम -आर’ चालवा. इथे नवख्यांची पहिली चूक होते: ते आकडा पाहतात, यादीशी ताडतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. तो आकडा कोणत्या डिस्ट्रोचा (उबुंटू, डेबियनसारख्या लिनक्सच्या तयार संचाचा) आहे यावर त्याचा अर्थ बदलतो.

मूळ कर्नलसाठी हिशोब सरळ आहे. ५.१५ च्या मालिकेत ५.१५.९१ पासून, ६.१ च्या मालिकेत ६.१.९ पासून दुरुस्ती आहे, ६.२ आणि पुढच्या सगळ्यांत ती आहेच. आर्चसारखी डिस्ट्रो साधारण मूळचाच आकडा दाखवते, तिथे ही तुलना चालते.

उबुंटू २२.०४ वर मात्र ५.१५.०, मग जोडरेघ आणि पुढे एक आकडा असं दिसेल. तिसरा अंक कायम शून्यच असतो, म्हणून त्याची ५.१५.९१ शी तुलना करण्यात काही अर्थ नाही. तिथे ‘कॅट /प्रॉक/व्हर्जन_सिग्नेचर’ चालवा. ओळीच्या शेवटी मूळ कर्नलचा खरा आकडा येतो. तो ५.१५.९१ किंवा पुढचा असेल तर दुरुस्ती आत आहे. तो मागचा असेल, तरी उबुंटूने ही एकच दुरुस्ती आधी उचलून घातलेली असू शकते. अशा वेळी उबुंटूच्या सुरक्षा पानावर सीव्हीईचा क्रमांक शोधून आपल्या पॅकेजचा आकडा ताडा.

डेबियनवर, १२ व्या आवृत्तीपर्यंत, ‘यूनेम -आर’ फक्त मालिका सांगतं. खरा आकडा ‘यूनेम -व्ही’ मध्ये, डेबियन या शब्दानंतर असतो.

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ आणि त्याच्या भावंडांवर आकडा नेहमी ५.१४.० ने सुरू होतो, दुरुस्तीआधीही आणि दुरुस्तीनंतरही. दुरुस्त्या मागच्या कर्नलमध्ये आणून बसवायची त्यांची पद्धत आहे. इथे पॅकेजचा बदलनामा वाचणं हाच खात्रीचा मार्ग. ‘आरपीएम -क्यू --चेंजलॉग’ लिहा, पुढे ‘कर्नल-कोअर’, मग जोडरेघ, आणि तिला चिकटून यूनेमने दाखवलेला पूर्ण आकडा. येणारं उत्तर ‘ग्रेप’ने २०२३-०३८६ साठी गाळा. ओळ सापडली तर दुरुस्ती आहे.

सुरक्षा तपासणीची काही साधनं नुसत्या आकड्यावरून ‘असुरक्षित’ असा शेरा मारतात. रेड हॅटच्या मशीनवर असा शेरा दिसला, तर घाबरण्याआधी बदलनामा पाहा. उलटही होतं: साधन स्थापित पॅकेज पाहून हिरवा दिवा दाखवतं आणि मशीन मात्र जुन्याच कर्नलवर चालू असतं. हा दुसरा प्रकार जास्त घातक.

पायरी २: या मशीनवर दार उघडं आहे का?

साध्या खात्याने ‘अनशेअर -यूआर आयडी’ चालवा. यातलं यू हे अक्षर मोठं (कॅपिटल), आर लहान. उत्तरात यूआयडी शून्य आणि रूट असं दिसलं, तर साध्या वापरकर्त्याला यूजर नेमस्पेस बनवता येतो. परवानगी नाकारली गेली, तर तो रस्ता निदान या खात्यासाठी बंद आहे. उबुंटूच्या २४.०४ मध्ये अ‍ॅपआर्मर (प्रोग्रॅमना काय करू द्यायचं ते ठरवणारी सुरक्षा सोय) असं बंधन मुळातच घालतो.

मग ‘/बूट’ फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग’ नावाने सुरू होणारी, आपल्या कर्नलच्या आकड्याची फाइल उघडून त्यात ‘कॉन्फिग_ओव्हरले_एफएस’ (हे मात्र सगळं मोठ्या अक्षरांत) शोधा. पुढे वाय असेल तर ओव्हरले कर्नलमध्येच आहे, एम असेल तर मॉड्यूल (गरजेनुसार चढवायचा वेगळा तुकडा) म्हणून. ‘एलएसमॉड’ मध्ये ओव्हरले दिसत नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका. कोणी माउंट मागितलं की कर्नल मॉड्यूल आपणहून आणतो.

कंटेनरचा प्रश्न इथेच निपटून टाकू. कंटेनर यजमान मशीनचाच कर्नल वापरतो. इमेज (कंटेनरचा साचा) नवी केली, तिच्यात पॅकेज अद्ययावत केली, तरी या त्रुटीवर काडीचा परिणाम होत नाही. डॉकरचा नेहमीचा सेककॉम्प नियम (कंटेनरने कर्नलकडे काय मागावं यावरची गाळणी) कंटेनरमध्ये नवा यूजर नेमस्पेस बनवू देत नाही, ही जमेची बाजू. पण ‘प्रिव्हिलेज्ड’ लावून चालवलेला किंवा सेककॉम्प काढून टाकलेला कंटेनर त्या संरक्षणाबाहेर जातो. व्हर्च्युअल मशीनचं वेगळं: प्रत्येकाचा कर्नल स्वतंत्र, म्हणून तपासणीही एकेकाची करायची.

पायरी ३: नवा कर्नल बसवा आणि त्यावर मशीन सुरू करा

आधी ‘डीएफ -एच /बूट’. ‘/बूट’चं वेगळं विभाजन असेल तर ते जुन्या कर्नलनी भरलेलं असणं ही फार नेहमीची अडचण आहे. जागा संपली की नवा कर्नल अर्धवट उतरतो, सुरुवातीची रॅमडिस्क तयार होत नाही आणि मशीन बूट होताना अडकतं. निदान ३०० मेगाबाइट मोकळे असू द्या. डेबियन-उबुंटूवर ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’ जुने कर्नल काढतं. सध्या चालू असलेला कर्नल हाताने काढू नका.

मग ‘ॲप्ट अपडेट’ आणि ‘ॲप्ट अपग्रेड’. इथे एक बारीक फरक आहे. ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ नवी पॅकेज बसवत नाही, आणि नवा कर्नल बहुतेक वेळा नव्या नावाचं पॅकेज असतो. त्यामुळे ‘रोखून ठेवलेली पॅकेज’ अशी एक ओळ दिसते, बाकी सगळं सुरळीत झाल्यासारखं वाटतं आणि कर्नल जिथल्या तिथे राहतो. जुन्या स्क्रिप्टमध्ये ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ असेल तर ती आजच बदला. रेड हॅट कुटुंबात ‘डीएनएफ अपग्रेड’ पुरतं.

बाहेरून बसवलेली मॉड्यूल असतील, जसं झेडएफएस किंवा ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर, तर रीबूट करण्याआधी ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहा. नव्या कर्नलच्या आकड्यापुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसायला हवं. ते नसेल आणि तुमचा डेटा झेडएफएसवर असेल, तर रीबूटनंतर डेटा दिसणारच नाही. तो कुठे जात नाही, पण रात्री दोन वाजता हे कळणं बरं नाही.

आता रीबूट. पॅकेज बसलं म्हणजे दुरुस्ती झाली असं नव्हे. स्मृतीत जुनाच कर्नल चालू असतो. उबुंटूवर ‘/व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड’ ही फाइल दिसत असेल तर रीबूट बाकी आहे. रेड हॅट कुटुंबात ‘नीड्स-रीस्टार्टिंग -आर’ तेच सांगतं. रीबूट झाल्यावर पायरी १ पुन्हा करा. आकडा तोच जुना आला, तर ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जुना कर्नल ठरवून ठेवलेला असतो. ‘ग्रबी --डीफॉल्ट-कर्नल’ (रेड हॅट) किंवा ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ मधली डीफॉल्टची ओळ (डेबियन-उबुंटू) तपासा, आणि दुसऱ्या ठिकाणी बदल केला तर ‘अपडेट-ग्रब’ चालवायला विसरू नका.

लाइव्ह पॅच वापरत असाल तर चालू कर्नल रीबूटशिवाय दुरुस्त होतो, पण यूनेमचा आकडा बदलत नाही. रेड हॅटवर ‘केपॅच लिस्ट’, उबुंटूवर ‘कॅनॉनिकल-लाइव्हपॅच स्टेटस’ हेच तिथले पुरावे.

दुरुस्तीनंतर रूटशिवाय चालणाऱ्या कंटेनरमध्ये कधी कधी एक नवा एरर दिसतो: ‘ठरलेल्या डेटा प्रकारासाठी मूल्य फार मोठं आहे’ अशा अर्थाचा. खालच्या थरात असलेल्या मालकाचा मेळ नेमस्पेसमध्ये लागत नाही, म्हणून कॉपी-अप नाकारलं गेलं आहे. दुरुस्ती काम करत असल्याची ही खूण आहे. कर्नल मागे नेऊ नका. ‘/ईटीसी/सबयूआयडी’ आणि ‘/ईटीसी/सबजीआयडी’ मध्ये त्या वापरकर्त्याला पुरेसा पट्टा, नेहमीप्रमाणे ६५५३६ क्रमांकांचा, दिला आहे ना ते पाहा.

पायरी ४: आज रीबूट शक्यच नसेल तर

नेमस्पेसचं दार तात्पुरतं बंद करा. ‘/ईटीसी/सिसीटीएल.डी’ फोल्डरमध्ये ‘९०-यूजरएनएस.कॉन्फ’ नावाची फाइल करा, तिच्यात ‘यूजर.मॅक्स_यूजर_नेमस्पेसेस = ०’ ही एकच ओळ लिहा आणि ‘सिसीटीएल --सिस्टीम’ चालवा. फाइलचं नाव आणि आकडेही टर्मिनलवर रोमन अंकांतच टाका. डेबियन-उबुंटूवर याहून सौम्य पर्याय आहे: ‘कर्नल.अनप्रिव्हिलेज्ड_यूजरएनएस_क्लोन = ०’. त्याने फक्त साध्या वापरकर्त्यांना मनाई होते, रूटला नाही.

याची किंमत मोजावी लागते. रूटशिवाय चालणारा पॉडमन (डॉकरसारखंच कंटेनरचं साधन) बंद पडतो, फ्लॅटपॅकची ॲप्स अडखळतात, क्रोमियमच्या सँडबॉक्सचा मुख्य आधार जातो. ब्राउझर चालणाऱ्या डेस्कटॉपवर हा उपाय चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये असं आमचं मत आहे. सर्व्हरवर खुशाल ठेवा. एक चकवाही लक्षात असू द्या: मर्यादा शून्य केल्यावर नेमस्पेस बनवताना येणारा एरर ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही’ असा असतो. डिस्कचा त्याच्याशी काही संबंध नसतो, पण नवा माणूस तासभर डिस्क साफ करत बसतो. शिवाय आधीच बनलेले नेमस्पेस तसेच राहतात. ‘एलएसएनएस -टी यूजर’ने ते पाहून घ्या.

ज्या मशीनवर कंटेनर नाहीतच, तिथे ओव्हरले मॉड्यूलच अडवता येतं. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ मध्ये एक फाइल करून ‘इन्स्टॉल ओव्हरले /बिन/फॉल्स’ ही ओळ लिहा. मॉड्यूल आधीच चढलेलं असेल तर ‘आरएममॉड ओव्हरले’ने उतरवा. डॉकर असलेल्या मशीनवर हे अजिबात करू नका. त्याची साठवण याच फाइलसिस्टीमवर असते.

पायरी ५: लिहिता येणाऱ्या जागांवर नोसूइड लावा

ही पायरी लोक सोडून देतात, आणि खरं तर तीच सर्वांत टिकाऊ आहे. हल्ला यशस्वी व्हायला फाइल अशा जागी उतरावी लागते, जिथे साध्या वापरकर्त्याला लिहिता येतं आणि नोसूइड नाही. अशी जागाच ठेवली नाही तर ही त्रुटी, आणि पुढे याच जातीची येणारी दुसरी, दोन्ही लंगड्या पडतात.

‘फाइंडमाउंट -ओ टार्गेट,ऑप्शन्स’ चालवून ‘/होम’, ‘/टीएमपी’, ‘/व्हार/टीएमपी’ आणि ‘/डेव्ह/एसएचएम’ पाहा. शेवटच्यावर बहुधा नोसूइड असतोच. ‘/टीएमपी’ स्मृतीत असेल तर त्यावरही असतो, पण ती मुख्य डिस्कचाच भाग असेल तर नसतो. ‘/होम’चं वेगळं विभाजन असेल, तर ‘/ईटीसी/एफएसटॅब’ (काय कुठे माउंट करायचं याची यादी) मधल्या त्याच्या ओळीत चौथ्या रकान्यात ‘नोसूइड,नोडेव्ह’ वाढवा (नोडेव्हमुळे तिथल्या डिव्हाइस फाइल निकामी होतात) आणि ‘माउंट -ओ रीमाउंट /होम’ करा. वेगळं विभाजन नसेल तर बाइंड माउंट (फोल्डर त्याच जागी पुन्हा माउंट करणं) कामी येतं, एफएसटॅबमध्ये त्याची एक ओळ घाला: पहिल्या दोन्ही रकान्यांत तोच मार्ग, तिसऱ्यात ‘नन’, चौथ्यात ‘बाइंड,नोसूइड,नोडेव्ह’, शेवटी दोन शून्यं. एफएसटॅब बदलल्यावर रीबूटआधी ‘फाइंडमाउंट --व्हेरिफाय’ चालवा. एक स्वल्पविराम चुकला तरी मशीन आपत्कालीन शेलमध्ये थांबू शकतं.

यात एक गोष्ट बिघडू शकते: पॉडमनची साठवण घरच्या फोल्डरमध्ये असेल तर त्या कंटेनरच्या आतलं ‘सुडू’ अडू शकतं. तसं झालं तर ती साठवण वेगळ्या जागी हलवा, सगळ्या ‘/होम’वरचा नोसूइड काढू नका.

पायरी ६: आधीच कोणी आत येऊन गेलं का?

रूट म्हणून ‘फाइंड / -एक्सडेव्ह -टाइप एफ -पर्म /६०००’ चालवा. सेटयूआयडी आणि सेटजीआयडी (तसाच, पण गटाच्या अधिकाराचा बिट) दोन्ही प्रकारच्या फाइल मिळतील. ‘-एक्सडेव्ह’ मुळे शोध एकाच फाइलसिस्टीमपुरता राहतो, म्हणून ‘/होम’ किंवा ‘/व्हार’ वेगळ्या विभाजनावर असतील तर त्यांच्यासाठी पुन्हा चालवा. मिळालेली प्रत्येक फाइल कोणत्या पॅकेजची ते ‘डीपीकेजी -एस’ (एस मोठं अक्षर) किंवा ‘आरपीएम -क्यूएफ’ सांगेल. कोणत्याच पॅकेजची नसलेली, रूटच्या मालकीची सेटयूआयडी फाइल ‘/होम’ किंवा ‘/टीएमपी’ खाली असायचं काहीच कारण नसतं. डॉकरच्या साठवणीत मात्र अशा फाइल शेकड्याने सापडतील; त्या इमेजमधल्या आहेत, त्यांच्याने दचकू नका. काहीच सापडलं नाही, तरी हल्लेखोराने काम झाल्यावर फाइल पुसली असेल ही शक्यता उरतेच.

त्रुटी तपासायला इंटरनेटवरचा तयार हल्ल्याचा कोड उतरवून चालवू नका. असा कोड म्हणून मालवेअर वाटण्याचे प्रकार झाले आहेत, आणि खरा कोड असला तरी तो मशीनवर एक चालती सेटयूआयडी फाइल मागे ठेवू शकतो. पायरी १ चा पुरावा पुरेसा आहे.

संशयास्पद फाइल सापडलीच, तर लगेच पुसू नका. आधी मशीन नेटवर्कपासून तोडा. ‘स्टॅट’ने तिच्या वेळा नोंदवा, त्यातली ‘चेंज’ची वेळ ‘टच’ वापरून हवी तशी लावता येत नाही, म्हणून ती जास्त विश्वासाची. ‘एसएचए२५६सम’ने फाइलचा ठसा घ्या आणि शक्य असेल तर पूर्ण डिस्कची प्रत काढा. त्यानंतर मशीन दुरुस्त करत बसू नका, नव्याने बसवा. रूट मिळालेला माणूस लॉगिनची साधनं, क्रॉनची कामं, एसएसएचच्या किल्ल्या आणि नोंदींच्या फाइल, काहीही बदलून गेलेला असू शकतो. त्या मशीनवर ठेवलेल्या सगळ्या किल्ल्या आणि पासवर्ड बदला, त्या किल्ल्यांनी जिथे जिथे जाता येत होतं ती मशीनही याच सहा पायऱ्यांतून काढा, आणि डेटा परत घेताना ‘चेंज’च्या वेळेआधीचा बॅकअप निवडा. नव्या मशीनवर दुरुस्त कर्नल चालू आहे हे पाहिल्यावरच वापरकर्त्यांची खाती उघडा.